थंडी वाजली की महाराजांना शोधा!

"वेबसाइटवर आमचा एवढा मोठा फोटो असून एक घोंगडी विकली जात नाही?" राजा विक्रांतसेन दरबारात कडाडला. शोधयंत्रात 'घोंगडी' टाकलं की शेजारचं राज्य सगळ्यात वर, आणि राजाच्या वेबसाइटची नावनिशाणीही नाही! प्रधानजींनी ताबडतोब दोषी हुडकला. तो अर्थातच घोंगड्या विणणारा मायाप्पा होता.

"पुनवेच्या आत आमची वेबसाइट पहिली आली पाहिजे, नाहीतर मायाप्पाचा माग जप्त!" राजाने फर्मावलं. "आणि खबरदार, तिच्यावरचा आमचा एक शब्द, एक चित्र हलवाल तर!"

मायाप्पाने हात जोडले. माग गेला तर खायचं काय? तेवढ्यात त्याची मुलगी हौसा पुढे झाली. "म्या करते जी! वेबसाइटचा पासवर्ड तेवढा द्या."

वेबसाइट उघडून हौसाने कपाळावर हात मारला. काय तो थाट! प्रत्येक पानाचा मथळा एकच: 'शत्रुमर्दन प्रजापालक दिग्विजयी विक्रांतसेन महाराज'. घोंगड्यांच्या पानालाही तोच, चौकशीच्या पानालाही तोच. फोटो तर इतका जड, की तो उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे खरेदी करून, जेवून, आडवं झालेलं असे. 'घोंगडी' हा शब्द होता म्हणा, पण कुठल्याशा लढाईच्या वर्णनाखाली, बारीक अक्षरांत. आणि कहर म्हणजे, राजवाड्यात परवानगीशिवाय कुणी शिरायचं नाही हा रिवाज पाळून प्रधानजींनी वेबसाइटच्या आतल्या बाजूला गुपचूप सूचना घातली होती: 'शोधयंत्रास प्रवेश बंद'. ज्याने जगाला पत्ता सांगायचा, त्यालाच दारात अडवायचं! केवढी ती दूरदृष्टी!

ही सूचना काही महाराजांचा शब्द नव्हे. हौसाने तेवढीच पुसली, बाकी कशाला बोट लावलं नाही, आणि शोधयंत्र आत फिरून जाईपर्यंत स्वस्थ बसली.

पुनवेला दरबार भरला. "झालं काम?" राजाने विचारलं.

"झालं जी! तुम्हीच शोधा. लिहा, शत्रुमर्दन प्रजापालक दिग्विजयी विक्रांतसेन महाराज."

राजाने लिहिलं. त्याची वेबसाइट पहिली! दुसऱ्या जागी तिचंच पान, तिसऱ्या जागीही तिचंच. राजाची छाती फुगली. "शाब्बास! पण मग घोंगड्या का खपत नाहीत?"

"त्याला म्या काय करू, महाराज? थंडी वाजली की मानूस घोंगडं शोधतं. आता थंडी वाजली की विक्रांतसेन महाराजांना शोधा, असा हुकूम जगभर सोडा. मग बघा कसा खप होतो!"

मायाप्पाने भीतीने डोळेच मिटले. राजाने एकवार आपल्या फोटोकडे पाहिलं, एकवार हौसाकडे, आणि तो खो खो हसत सुटला. "हरलो, पोरी! माग काय हवं ते!"

"पहिल्या पानावर घोंगडी, दर पानाला त्याचा त्याचा मथळा, आन् फोटो जरा हलका."

"आणि मग आम्ही कुठे जायचं?"

"'आमच्याविषयी' या पानावर, महाराज! तिथं गर्दी नसते. निवांत बसा."

राजा इतका हसला की त्याला पगडी सावरावी लागली. मायाप्पाला नवा माग मिळाला, आणि वेबसाइटचा सगळा कारभार प्रधानजींकडून काढून राजाने हौसाच्या हाती दिला.