ज्याचं उत्तर बरोबर, पेपर आधी त्याला

आमच्या वाचनालयात तेव्हा पेपर एकच यायचा. तो आधी कोणी वाचायचा, हे फळ्यावरच्या प्रश्नावर ठरे. ग्रंथपाल कुमुदताई रोज सकाळी वास्तुविशारद सबनीसांवर एक प्रश्न लिहायच्या, कारण वाचनालय, शाळा, नदीवरचा पूल, सगळं त्यांनीच उभारलेलं. ज्याचं उत्तर बरोबर, तो पेपर मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे निवडणुकीपासून कांद्याच्या भावापर्यंत कडाकडा भांडायचे. काय सकाळी होत्या त्या!

एकदा नगराध्यक्ष अप्पासाहेब येऊन गरजले, “त्या मेलेल्या माणसाचं कौतुक पुरे! उद्याच्या प्रश्नाचं उत्तर माझं नाव पाहिजे. नाहीतर फळाच उतरवतो.”

“लिहिते की,” कुमुदताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पासाहेब इस्त्रीचा झब्बा घालून हजर. फळ्यावर प्रश्न होता: ‘सबनीसांचा पूल इतक्या पुरांत हलला नाही. मग उद्घाटनाच्या दिवशीच पत्रे उडालेली बाजारातली शेड कोणी बांधली?’

“अप्पासाहेबांनी!” सगळे एकदम ओरडले.

अप्पासाहेब लालबुंद झाले. कुमुदताई पेपर हातात धरून शांतपणे म्हणाल्या, “तुमच्यावर प्रश्न काढला की सगळ्यांचंच बरोबर येतं, साहेब. आता पेपर आधी कोणाला देऊ?”

“उद्यापासून सबनीसच विचारा,” अप्पासाहेब पुटपुटले.