खाजणवाडीचा गळका नळा

खाजणवाडीत शिरताना वर बघितलंत का? नसेल, तर आता बघा. घराघरावर लाल, चपटी, एकसारखी कौलं आहेत आणि प्रत्येक छपरात मधोमध एकच काळपट, अर्धगोल जुनं कौल, म्हणजे नळा आहे. तो तिथे नीट बसत नाही. चपट्या कौलांत गोल नळा बसणार तरी कसा? पावसाळाभर तिथून पाणी गळतं आणि घरची माणसं खाली मडकं मांडून ठेवतात. एखादा गवंडी तासाभरात ती गळती बंद करून देईल, पण या गावात त्याला कुणी शिडी देणार नाही.

तुम्ही ज्या बेनेडिक्ट कास्परकडे उतरलात, त्याने आपल्या खापरपणजोबाची गोष्ट सांगितलीच असेल. त्याच्या दारात जुनी भट्टी आहे, भट्टीवर पाटी आहे, पाटीवर दाढीवाल्या जर्मनाचं चित्र आहे. पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. माझ्या दारात उभं राहून कुणी फोटो काढत नाही. मी तातू कुंभार. माझा खापरपणजोबा धाकू, आणि त्याच्यावाचून ही गोष्ट पुरी होत नाही. बेनेडिक्ट त्याला दोन वाक्यांत उरकतो, म्हणून माझ्याकडून ऐका.

इंग्रजी अमलातली गोष्ट. असे सांगतात की एका वर्षी खाडीत मचवा लागला आणि त्यातून एक लाल दाढीचा गोरा उतरला, त्याची मारिया नावाची बायको उतरली आणि एक अवजड लाकडी यंत्र उतरलं. गोरा असून हा साहेब नव्हता, याचं गावाला मोठं नवल वाटलं. कुणी वाकून नमस्कार केला तर तोही वाकायचा. नाव कास्पर. दूर दक्षिणेला कौलांच्या कारखान्यात कामाला म्हणून जर्मनीहून आला होता. तिथे तापाने दोन मुलं गेली, तेव्हा नवराबायकोने ते गाव सोडलं. आमच्या खाडीकाठची माती त्याने चिमटीत घेतली, जिभेवर ठेवली आणि इथेच राहायचं ठरवलं.

तोवर गावातलं प्रत्येक छप्पर धाकूच्या हातचं होतं. चाकावर तो मातीची लांब नळी चढवायचा आणि ओली असतानाच तिचे दोन उभे भाग करायचा. एका नळीचे दोन नळे. घर शाकारताना पहिला नळा धाकूने चढवायचा आणि यजमानाने त्याला नारळ द्यायचा, अशी रीत. गावदेवी सातेरीच्या देवळावरचा पहिला नळाही त्याचाच. त्या मानासाठी तो वर्षभर जगायचा, असं म्हटलं तरी चालेल.

कास्परच्या यंत्रातून दिवसाला दोनशे कौलं निघू लागली. ती एकमेकांत अडकायची, माकडं नाचली तरी हलायची नाहीत. पहिल्या वर्षी चार घरांवर ती चढली, दुसऱ्या वर्षी वीस. धाकू येताजाता त्या छपरांकडे बघायचा आणि जळायचा. आमच्या घराण्यात हे लपवत नाहीत. त्याला जेवण जाईना. बायकोने कास्परच्या भट्टीचा धूर दिसतो म्हणून खिडकी लावली, तर म्हणे हा उठून ती उघडायचा आणि बघत बसायचा.

मग गावकऱ्यांनी ठरवलं की यंदा देवळावरही कास्परची कौलं घालायची.

शिमग्याच्या पालखीला सारा गाव बाहेर पडला. कास्पर आणि मारियाही ढोल ऐकायला गेले. तेवढ्यात धाकूने शिंपल्यांचा बारीक चुरा तीन टोपल्या भरून कास्परच्या मातीत मिसळला. हे कुंभारालाच सुचावं. शिंपला भट्टीत भाजला की त्याचा चुना होतो. कौल दिसायला चांगलं, वाजवलं तर खणखणीत. पण दमट हवा लागली की आतला चुना फुगतो आणि कौल फोडून बाहेर येतो.

वैशाखात देऊळ शाकारलं. पहिलं कौल कास्परने चढवलं आणि नारळ त्याला मिळाला. आषाढात, भर पूजेच्या वेळी, कौलं तडातडा फुटू लागली आणि गाभाऱ्यात सातेरी म्हणून पुजतात त्या वारुळावर पाणी पडलं. देवीला परका माणूस नको आहे, असंच सगळ्यांनी धरलं. कास्परला गाव सोडायला सांगितलं. पण पावसाळ्यात खाडीत मचवा येत नाही, म्हणून त्याला नारळीपौर्णिमेपर्यंत मुदत मिळाली. मारियाला तेव्हा दिवस गेले होते.

पौर्णिमेच्या सकाळी धाकू मुद्दाम त्याच्या खोपीकडे गेला. कशाला? त्याला जाताना डोळे भरून बघायला. मारिया भांडी बांधत होती. मागच्या पडवीत धाकूला नळ्यांचा ढीग दिसला. वाकडे, चिरलेले, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. शेजारी एक ओबडधोबड चाक होतं. आणि कापडात गुंडाळलेला, नीट जपलेला एकच चांगला नळा होता. तो धाकूचा होता.

"ह्या काय?" धाकूने विचारलं.

कास्पर ओशाळला. मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला, "तीन वर्सां शिकतंय. जमणा नाय. तुझ्या नळ्यार तुझो आंगठो उठता. माझा कौल कोणी केल्यान, ता कौलाकय ठावक नाय. तुका बघून मी जळतंय, धाकू."

धाकू तिथून पळतच सुटला, असे सांगतात. देवळासमोर मानकरी नारळ घेऊन खाडीवर निघाले होते. त्यांच्या पायांवर पडून त्याने सारं सांगितलं. गाव खवळला. जर्मन राहू दे, धाकूनेच आजच्या आज वेशीबाहेर जावं, असं ठरू लागलं. कास्पर मागोमाग आला होता. तो मध्ये उभा राहिला.

"ह्यो गेलो," तो म्हणाला, "तर मी हेवो कोणाचो करू?"

मानकऱ्यांनी नारळ उचलला आणि दोघांनाही बरोबर घेऊन ते खाडीवर गेले.

पाऊस सरल्यावर कास्परने देवळासाठी नवी कौलं पाडली. त्या मातीतला शिंपल्याचा कण न् कण धाकूने स्वतः वेचून काढला. छप्पर पुरं होत आलं तेव्हा कास्परने मधोमध एक जागा मोकळी सोडली आणि धाकूला वर बोलावलं. धाकूने आपला नळा तिथे ठेवला. पुढच्या पावसात तो गळला. लोक बुजवायला निघाले, तेव्हा धाकू म्हणाला, "गळांदे. खाली मडका ठेवा." दसऱ्याला ते मडकं उचलून तो कास्परच्या दारी गेला आणि तिथल्या फणसाच्या बुंध्याशी पाणी ओतून परत आला. दुसऱ्या वर्षी कास्परने आपल्या छपरातही धाकूचा नळा बसवला आणि दसऱ्याला त्याखालचं मडकं घेऊन तो धाकूच्या दारात उभा होता.

आजही खाजणवाडीत घर बांधलं की एक नळा गळका ठेवतात. परवा एकाने स्लॅब टाकला, त्यानेही जिन्यावर चार कौलं घालून त्यांत नळा बसवला. पावसाळ्यात ज्याला ज्याचा हेवा वाटला असेल, त्याने दसऱ्याला त्याच्या दारच्या झाडाला आपल्या मडक्यातलं पाणी घालायचं. कारण सांगायचं नाही. घरधन्याने विचारायचं, "पाऊस बरो झालो?" आणि आपण म्हणायचं, "बरो झालो."

बेनेडिक्टने पाटी लावली त्याला तीन वर्षं झाली. तीन दसरे मी माझं मडकं माझ्याच जास्वंदीला ओतलंय. तिला काय, पाणी मिळाल्याशी काम.

आज दसरा. तुम्ही आता तिकडेच निघालात ना? मग हे मडकं तेवढं न्या, माझे गुडघे दुखतात. त्याच्या फणसाला ओता म्हणजे झालं.

नको. थांबा. द्या ते इकडे. हे दुसऱ्याच्या हाती पाठवायचं नसतं. माझी काठी घेतो, चला.