शपथेचा गूळ आणि रिकामा धोटा

एकदा एक वस्ताद होता. तो आपल्या तालमीत फरी-गदका शिकवी. गदका म्हणजे चामड्यात गुंडाळलेली काठी, आणि फरी म्हणजे तिचा मार अडवायची लहानशी ढाल. समोरच्याच्या अंगाला गदका लावायचा आणि आपले अंग फरीने राखायचे, एवढाच खेळ.

ही गोष्ट आठवायला निमित्त झाले माझ्या भाच्याचे. तो कॅनडात असतो आणि तिथल्या बर्फावरच्या हॉकीचे त्याला वेड आहे. त्या खेळात खेळाडू एकमेकांना धडका देतात, आणि ते नियमात बसते म्हणे. पण धडक डोक्यावर बसली तर देणाऱ्याला पुढच्या सामन्यांतून बाहेर बसवावे की नाही, यावर तिकडे घरोघर वाद चालतात. ‘‘मामा, मुद्दाम मारलं नसेल तर शिक्षा कशाला?’’ त्याने फोनवर विचारले. मी मुळात संशयी माणूस. ‘मुद्दाम नव्हतं’ हे वाक्य कानावर पडले की माझा हात आपोआप पाकीट चाचपतो. तरीही मला स्वतःचे असे उत्तर सुचले नाही. वस्तादांचे सुचले.

वस्तादांच्या गावात एक जुनी रीत होती. गदका चुकून कुणाच्या डोक्याला लागला की खेळ थांबे. मारणारा आपली फरी जमिनीवर उपडी ठेवी आणि तिच्यावर हात ठेवून म्हणे, ‘‘जाणून मारलं नाही.’’ मग तो मार खाणाऱ्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवी. त्याने तो खाल्ला की प्रकरण मिटले आणि डाव पुढे सुरू. शपथ खोटी घेणारा एखादाच असेल. बहुतेक जण खरेच बोलत, आणि घोटाळा नेमका तिथेच होता.

वस्तादांचा सर्वांत तयार शिष्य सुभाना. वस्ताद आता थकले होते. यंदाच्या दसऱ्याची लढत जो जिंकेल त्याच्या हाती तालीम सोपवायची, असे त्यांनी जाहीर केले होते. सुभानाला टक्कर देईल असा एकच गडी होता, पलीकडच्या पेठेतून याच तालमीत येणारा हैबती. हा व्यवसायाने विणकर. हाताचा चपळ, तोंडाचा गोड, घरी बायको गिरजा आणि दोन लहान मुली.

दसऱ्याच्या दोन महिने आधी सरावात दोघे समोरासमोर आले. सुभानाचा गदका हैबतीच्या फरीवरून निसटला आणि त्याच्या कानशिलावर बसला. हैबती मटकन खाली बसला, पण लगेच उठला आणि हसलाही. सुभानाने फरी उपडी ठेवून शपथ घेतली. ती खरी होती. त्याने हैबतीच्या हातावर गूळ ठेवला. हैबतीने मूठ मिटली आणि तसाच उभा राहिला. गूळ तोंडात टाकायचे त्याला सुचेना. पोरे हसली. वस्ताद मात्र त्या मुठीकडे पाहत राहिले.

‘‘दोघंही बाहेर,’’ ते म्हणाले. ‘‘हैबतीचं डोकं ताळ्यावर येईपर्यंत सुभानानं गदक्याला हात लावायचा नाही.’’

मार खाणाऱ्याला विश्रांती, हे समजण्यासारखे होते. पण ज्याने खरी शपथ घेतली त्याला शिक्षा? असे कधी कुणी ऐकले नव्हते.

संशयाला पाय फुटायला वेळ लागत नाही. गावात एक कापडाचा व्यापारी होता, हैबतीने विणलेली लुगडी-शेले तोच विकत घेई. त्याने सुभानाला दुकानात बोलावून घेतले. ‘‘अरे, साधा हिशेब आहे,’’ तो दबक्या आवाजात म्हणाला. ‘‘हैबती तुझ्यासमोर टिकणार नाही हे त्या पेठेला पक्कं ठाऊक. म्हणून हा घरात बसलाय. रोज माग चालल्याचा आवाज येतो की! डोकं दुखणाऱ्याला माग चालवता येतो होय? आणि तुझ्या वस्तादांचं म्हणशील, तर म्हाताऱ्यांना गादी सोडायच्या वेळी गादीच फार प्रिय होते.’’

हे सुभानाच्या मनात भिनले. त्यानंतर त्याला जिकडे तिकडे कट दिसू लागला. वस्ताद पलीकडच्या पेठेतून येताना दिसले, तेव्हा हे तिकडे कशाला गेले होते? आपल्याला पाहून गप्प झाले, तेव्हा काय लपवत होते? शेवटी एक दिवस त्याचा बांध फुटला.

‘‘वस्ताद, मी खोटं बोललो असं वाटतं का तुम्हाला?’’

‘‘नाही. खरं बोललास.’’

‘‘मग बाहेर का बसवलंत? तो हैबती सोंग करतोय. अख्खा गाव बोलतोय.’’

वस्ताद रागावले नाहीत. ‘‘असेल,’’ ते म्हणाले. ‘‘मग तूच जाऊन बघ. रोज जा. सोंग दिसलं की मला येऊन सांग, तुझी शिक्षा तिथंच संपली. तुझ्या शब्दाला मी साक्षीदार मागणार नाही.’’

सुभाना आणखीच बावचळला. इतके सोपे? यातही काही डाव असणार. तरी तो गेला.

हैबती मागावर बसलेला होता. भरदुपारी खोलीची खिडकी गोणपाटाने झाकलेली. ‘‘ये, ये सुभाना!’’ तो मोठ्याने म्हणाला. ‘‘वस्तादांना सांग, मी ठणठणीत आहे. दसऱ्याला उतरायचंय मला.’’

सुभाना चक्रावला. सोंग करून घरात बसलेला माणूस आखाड्यात उतरायला इतका उतावीळ कसा? शहाणा माणूस तोच निरोप घेऊन पळत सुटला असता. त्या एका वाक्याने त्याची शिक्षा संपत होती, दसरा हाती येत होता, तालीमही. पण संशयाची एकदा सवय लागली की तो आपल्या सोयीचेही ऐकून घेत नाही. खिडकी झाकलेली का? त्याने ठरवले, आणखी चार दिवस यायचे.

त्याला एकेक दिसू लागले. दारात कुणी आले की गिरजा बोलता बोलता गप्प होई आणि माग खटाखट चालू लागे. माणूस गेला की माग थांबे. विणलेले कापड सुभाना आला तेव्हा होते त्याहून बोटभरही पुढे सरकलेले नसे. पाचव्या दिवशी व्यापारी दारावरून गेला, तसे हैबतीने घाईघाईने धोटा फेकला. विणताना आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तो लाकडी धोटा सुभानाच्या अगदी समोरून गेला.

त्यात धागाच नव्हता.

रस्त्यावर ऐकू जावा म्हणून हैबती रिकामा माग वाजवत होता. खरे विणकाम गिरजा करी, तो झोपला की. उजेड त्याच्या डोळ्यांना सोसत नव्हता. धागे मोजताना आकडे हरवत होते. आणि हे बाहेर कळले तर व्यापारी काम काढून घेईल, या भीतीने दोघांनी तोंड शिवले होते.

सुभाना निघाला तेव्हा गिरजा त्याच्यामागोमाग अंगणात आली. ‘‘भावजी, त्यांचं ऐकू नका,’’ ती पदर तोंडाशी धरून म्हणाली. ‘‘काल त्यांना धाकटीला हाक मारायची होती. नाव आठवेना. नुसतं ‘अगं, अगं’ करत राहिले. पोर हसत होती, तिला वाटलं बाबा खेळतायत.’’

सुभाना तडक तालमीकडे वळला. वाटेत व्यापारी भेटला. ‘‘काय, पकडलंस का सोंग?’’

‘‘पकडलं.’’

‘‘बघ! मी म्हटलं नव्हतं?’’

‘‘पण ते तुमच्या उपयोगाचं नाही, शेठ,’’ सुभाना म्हणाला आणि चालू लागला.

वस्ताद तालमीतली माती भिजवत होते. सुभाना त्यांच्यासमोर उभा राहिला. ‘‘वस्ताद, सोंगच आहे,’’ तो म्हणाला. ‘‘पण आजारी असल्याचं नाही. बरं असल्याचं. त्याला दसऱ्याला उतरवू नका. तो हात जोडून मागेल, तरी उतरवू नका.’’

वस्तादांनी घागर खाली ठेवली. ‘‘हात मोडला तर माणूस ओरडतो आणि चार लोक धावतात,’’ ते म्हणाले. ‘‘डोक्याला लागलं तर तो हसून दाखवतो. बरा आहेस का, असं आपण त्यालाच विचारतो. म्हणजे जे फुटलंय त्यालाच साक्षीला बोलावतो. तो ‘बरा आहे’ म्हणतो, तू ‘जाणून मारलं नाही’ म्हणतोस, गूळ खाल्ला जातो आणि आम्ही टाळ्या वाजवतो. सुभाना, शपथेनं तुझं मन स्वच्छ झालं. त्याचं डोकं नाही झालं.’’

‘‘पण माझा दोष नव्हता, वस्ताद.’’

‘‘मनाचा नव्हता. हाताचा होता. तू बाहेर बसलास त्या दिवसापासून या तालमीत एकाचाही गदका खांद्याच्या वर गेलेला नाही. ही पोरं आधी दुष्ट होती का? तुझ्याइतकीच भली होती. पण भल्या माणसाला हात आवरायला काही कारण लागतं, आणि गूळ हे काही कारण नव्हे.’’ त्यांनी घागर पुन्हा उचलली. ‘‘आणि तू खेळत राहिला असतास, तर त्याच्या दारात पाच दिवस बसायला तुला सवड मिळाली असती का?’’

सुभाना खाली मान घालून उभा राहिला. वस्तादांवर घेतलेला एकेक संशय त्याला आठवत होता आणि लाज वाटत होती. वस्ताद पलीकडच्या पेठेत कुठे जात होते हे विचारायची आता गरज उरली नव्हती.

भाच्याला मी इथवर सांगितले, तर तो पलीकडून म्हणाला, ‘‘पण मामा, सुभानाची तालीम गेली ना?’’

गेली. दसऱ्याला हैबती बरा झालेला नव्हता, म्हणून सुभानाही आखाड्यात नव्हता. त्याच्याहून दोन वर्षांनी लहान गुरुबंधू जिंकला आणि तालीम त्याची झाली. सुभानाला वाईट वाटले नाही असे मी म्हणणार नाही. त्याचे डोळे भरून आले होते. मी काही संतकथा सांगत नाही.

मात्र तो घरी गेला नाही. मांडवाच्या सावलीत, जिथे ऊन पोहोचत नव्हते तिथे, तो हैबतीला घेऊन बसला होता. ढोल थांबले, गुलाल उधळला गेला, तसा हैबती त्याच्याकडे वळला.

‘‘कोण जिंकलं रे?’’

सुभानाने सांगितले. हैबतीने मान डोलावली. थोड्या वेळाने पुन्हा विचारले, ‘‘कोण जिंकलं?’’ सुभानाने पुन्हा सांगितले. मिरवणूक निघाली, तेव्हा हैबतीने तिसऱ्यांदा विचारले. शेजारचे दोघे-तिघे वळून पाहू लागले.

‘‘आत्ताच निकाल लागला, हैबतीदादा,’’ सुभाना म्हणाला, आणि पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे त्याने सगळे सुरुवातीपासून सांगितले.