बारा पेडांची दोरी

फार जुनी गोष्ट. सातपुड्यातल्या एका झोपडीत बांबूचं धनुष्य आणि त्याची अंबाडीची दोरी राहायची. दोरी बारा पेडांची, करंगळीएवढी जाड, आणि तिचा तोरा तर विचारू नका! "माझ्याइतकी बळकट दोरी अख्ख्या डोंगरात नाही," असं येताजाता ऐकवायची.

एकदा नदीला पूर आला नि पलीकडे गुराखी अडकले. बाणाला सूत बांधून पलीकडे पोचवायचं, मग त्या सुतानं त्यांनी दोरखंड ओढून घ्यायचा, असं ठरलं. धनुष्याची मालकीण झेलीबाई हिनं बाण सोडला. तो मधेच पाण्यात पडला. दुसराही पडला.

"धनुष्य म्हातारं झालंय," दोरी फणकारली.

धनुष्य म्हणालं, "अगं, तू इतकी जड, की माझं निम्मं बळ तुलाच ढकलण्यात जातं. बाणाच्या वाट्याला काय उरणार?"

हे ऐकून झेलीबाईनं दोरी उतरवली, उकलली आणि चार पेड काढून टाकले.

"मेले गं! आता तुटणार मी!" दोरी रडू लागली.

बाईनं उरलेल्या आठ पेडांना कडक पीळ दिला, मेण चोळलं नि दोरी पुन्हा चढवली.

टण्ण! बाण सूत घेऊन नदीपार गेला आणि पळसाच्या खोडात रुतला. दोन्ही काठांवर एकच जल्लोष झाला.

शेवटचा गुराखी दोरखंड धरून अलीकडे आला, तेव्हा दोरी हळूच म्हणाली, "बाई, अजून एखादा पेड काढून बघायचा का?"