पाण्याचा उपास

एकदा एका समुद्रकाठच्या शहरात एका व्यापाऱ्याने नवे अतिथिगृह बांधले आणि त्याच्या दर्शनी दालनात भिंतभर काचेची टाकी उभी केली. आत खारे पाणी, तळाशी पांढरी वाळू, जिवंत प्रवाळाचे खडक, कोळंबी आणि दूरदूरच्या सागरांतून आणवलेले रंगीत मासे. उद्घाटन आठवड्यावर आले आणि माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे कण दिसू लागले. मासे खडकांवर अंग घासू लागले, धापा टाकू लागले. दोन दगावले. घाबरलेल्या शेठजींनी एका वृद्ध मत्स्यवैद्य स्त्रीला निरोप धाडला. सारे शहर त्यांना ‘बाई’ म्हणत असे.

बाई आल्या त्या केतकीला बरोबर घेऊन. ही मुलगी पदवी घेऊन नुकतीच त्यांच्या हाताखाली शिकायला लागली होती. पाहतात तो शेठजी दारातच हसतमुखाने उभे.

“बाई, तुमचा पायगुण! सकाळपासून एका माशावर एक कण नाही. बघा तरी!”

केतकीने काचेला नाक लावून पाहिले. खरेच होते. मासे आरशासारखे लखलखीत होते. तळहाताएवढा निळा मासा तर माणूस दिसताच खाणे मागायला पुढे येत होता. तिच्या मनावरचे ओझे उतरले.

बाईंनी मात्र पदर खोचला. “केतकी, जाळी आण. सगळे मासे बाहेर काढायचे. एकही मागे ठेवायचा नाही.”

“बाहेर?” शेठजींचे हसू मावळले. “अहो, बरे झालेत ते!”

“स्वच्छ दिसताहेत, बरे झालेले नाहीत. मागच्या खोलीत वेगळी टाकी मांडते. तिथे त्यांना औषध देईन. ही टाकी दीड-दोन महिने रिकामी राहील.”

“दोन महिने? उद्घाटन आठवड्यावर आलंय, बाई!”

“मग उद्घाटन रिकाम्या टाकीने करा,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी बाह्या वर सारल्या.

शेठजी चिडले, ओरडले. पण मासे मरतील या भीतीने त्यांनी माघार घेतली. संध्याकाळपर्यंत सर्व मासे मागच्या खोलीतल्या उघड्याबोडक्या टाकीत आले. वाळू नाही, खडक नाही. लपण्यापुरते नळाचे चार तुकडे. दालनातल्या टाकीत उरले प्रवाळ, कोळंबी आणि निवळशंख पाणी.

केतकीला हे पटेना. मनात दाबून ठेवणे तिच्या स्वभावात नव्हते. “बाई, खरं सांगू? मला हे वेडेपणाचं वाटतंय. औषध द्यायचंच, तर त्याच टाकीत का नाही? आणि रोग दिसतच नाही, तर औषध कशाला?”

बाई औषध म्हणून पाण्यात घातलेल्या तांब्याचे प्रमाण तपासत होत्या. काम न थांबवता त्या बोलल्या.

“अगं, तो पांढरा कण म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून जेवणारा जीव. पोट भरलं की तो आपणहून खाली उतरतो. मासा स्वच्छ दिसतो आणि धनी पेढे वाटतो. तो मेलेला नसतो गं. वाळूत जाऊन अंगाभोवती कवच करतो. त्या कवचात एकाचे शेकडो होतात. मग ते फुटतं आणि पिल्लं मासा शोधत सुटतात. औषध लागू पडतं ते त्या पोहणाऱ्या पिल्लांनाच. कातडीखाली ते पोचत नाही, कवचातही पोचत नाही. आणि दालनातल्या टाकीत तांबं घातलं, तर प्रवाळ आणि कोळंबी आधी मरतील. तिथे एकच इलाज: पाण्याला उपास घडवायचा. मासाच मिळाला नाही, की पिल्लं उपाशी मरतात. दुखणं डोळ्यांआड झालं, की ते संपलं म्हणायची सगळ्यांनाच घाई असते, केतकी. त्या घाईला नाही म्हणणं, हे आपलं पहिलं औषध.”

त्या रिकाम्या पाण्याकडे केतकी आता निराळ्या नजरेने पाहू लागली.

उद्घाटनाच्या दिवशी बाई ताजे समुद्राचे पाणी आणायला गेल्या होत्या. शेठजी नव्या कोऱ्या कोटात मागच्या खोलीशी आले. दारात केतकी उभी होती.

“हे बघ मुली,” ते मऊ आवाजात म्हणाले, “बाई आता थकल्या. इथली सगळी देखभाल मी तुझ्या हाती देतो. फक्त आजच्या संध्याकाळपुरते मासे पुढे सोड. पाहुणे गेले, की काढ परत.”

तिच्या वयाच्या मुलीला असे काम स्वप्नातही मिळाले नसते.

“नाही, शेठजी.”

“मासे माझे आहेत!”

“तुमचेच आहेत. म्हणून तर वाचवतेय. एका संध्याकाळीसुद्धा रोग पुन्हा त्यांच्या अंगावर चढेल.”

“माझ्या जागेत उभी राहून मला नाही म्हणतेस?”

“म्हणते. आत जायचं असेल, तर मला ढकलून जावं लागेल.”

दारावरचा हात तिने काढला नाही. शेठजी ताडताड निघून गेले.

संध्याकाळी पाहुणे आले. कोणीतरी हसून म्हणाले, “वा शेठ, पाणी दाखवायला बोलावलंत होय!” ते शब्द शेठजींना झोंबले. दुसऱ्याच दिवशी, कोणाला न विचारता, त्यांनी बाजारातून एक पिवळाधमक मासा आणवला आणि दालनातल्या टाकीत सोडला. पाणी तर काचेहून स्वच्छ होते. बाईंना कळले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “काढून माझ्याकडे द्या.” शेठजींनी ऐकले नाही.

आठवडा झाला नसेल, तो पिवळा मासा खडकाला अंग घासू लागला. त्याच्या पंखांवर पांढरे कण उठले होते.

त्या दुपारी शेठजी स्वतः बादली घेऊन मागच्या खोलीशी आले. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, कपाळावर घाम.

“यालाही आत घ्या,” ते म्हणाले. केतकीने बादली घेतली. शेठजी तिथेच घुटमळले. “बाई, दिवस आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचे?”

“पहिल्यापासून,” बाई म्हणाल्या.

शेठजींनी मान डोलावली.

पुढे एकदा शहरातले एक बडे गृहस्थ दालनात टाकीसमोर उभे राहिले. “शेठ, आता तरी चार मासे सोडा. लोक हसतात तुम्हाला.”

केतकी पाण्याची बादली घेऊन जात होती, ती थबकली.

“हसू देत,” शेठजी म्हणाले.