सगळे एकदम बोला

एका सहकारी बँकेचे अध्यक्ष भाऊसाहेब इंगवले यांना नव्या मोबाईल अ‍ॅपचं उद्घाटन नेमकं पगाराच्याच दिवशी हवं होतं. अ‍ॅपची चाचणी घेणारी वैदेही खोत म्हणाली, "साहेब, हजारो लोक एकदम आले की हे अडकतं. लोकांचे पगार लटकतील. थोडी मुदत द्या."

भाऊसाहेबांनी भर बैठकीत फोन काढला, बोट टेकवलं आणि शिल्लक झटकन दिसली. "कुठे अडकलं? मी रोज घरी बघतो. तुमचं आपलं उगाच काहीतरी!"

संचालक माना डोलावून हसले. वैदेही शांतपणे त्यांच्याकडे वळली. "तुमचे साहेबांकडे काही विषय असतील ना? सगळ्यांनी आत्ताच विचारा, एकदम."

संचालकांना तेवढंच हवं होतं. कुणाला गावात शाखा हवी होती, कुणाला भाच्याची बदली, कुणाला सहलीची तारीख. एकच गलका झाला. भाऊसाहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, शेवटी ते टेबलावर हात आपटून ओरडले, "अरे, एकेक जण बोला! मी एकटा कुणाकुणाला उत्तर देऊ?"

"साहेब, अ‍ॅपचंही हेच म्हणणं आहे," वैदेही म्हणाली. "फक्त त्याला ओरडता येत नाही, म्हणून ते बिचारं स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरत राहतं."

मुदत मिळाली. चाचणीत अडथळाही सापडला. प्रत्येकाला शिल्लक दाखवण्याआधी अ‍ॅप अध्यक्षांच्या सत्काराचा भला मोठा फोटो उघडत होतं. तो काढून टाका, असं भाऊसाहेबांनी वैदेहीला बाजूला बोलावून, अगदी हळू आवाजात सांगितलं.