नाखव्याचा लाडका कावळा

एक होता नाखवा. राजाबिजा नाही हं आज, नाखवाच. नाखवा म्हणजे गलबताचा मुख्य. रायाजी त्याचं नाव. मिशा ह्या एवढ्या, आणि आवाज असा की खलाशी टरकून असायचे.

फार जुन्या काळची गोष्ट, बरं का. तेव्हा ना होकायंत्र, ना नकाशा. मग वाट चुकली तर करायचं काय? तर प्रत्येक गलबतावर एक कावळा न्यायचे. हसतोस काय रे, ऐक! वाट चुकली की कावळा सोडायचा. तो उंच जायचा. जमीन दिसली तर तिकडे उडायचा, आणि गलबत त्याच्या मागोमाग. नाही दिसली तर बिचारा परत यायचा. जाणार कुठे?

रायाजीचा कावळा पिल्लू असताना घरट्यातून पडला होता. रायाजीने मऊ भात भरवून त्याला जगवलं. माणसांवर खेकसणारा हा बाप्या कावळ्याशी बोबडं बोलायचा! कावळा त्याच्या खांद्यावर बसायचा, त्याच्याच हातून भात खायचा. खलाशी त्याला हळूच ‘धाकटे नाखवा’ म्हणायचे.

मग एकदा काय झालं, भर समुद्रात तुफान आलं. शीड फाटलं, गलबत कुठल्या कुठे गेलं. वारा पडला तरी आभाळ गच्च. सूर्य दिसेना, तारे दिसेनात. आणि प्यायचं पाणी संपत आलं. माणशी अर्धी करवंटी मिळायची, तीही जपून.

मग नाखव्याने कावळा सोडला. त्याने दोन घिरट्या घातल्या आणि आला खांद्यावर. “इथं जमीन नाही,” नाखवा म्हणाला. गलबत भलतीकडेच नेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडला. पुन्हा आपला खांद्यावर! एक खलाशी तापाने फणफणला होता, पाणी पाणी करत होता.

तेवढ्यात लाटांवरून नारळाची झावळी वाहत आली. चांगली हिरवीगार. सुकाणू धरणारा म्हातारा जानू ती बघून म्हणाला, “नाखवा, राग मानू नका. झावळी ताजी आहे, म्हणजे जमीन जवळ आहे. तुमचा कावळा जमीन नाही म्हणून परत येत नाही. तुम्ही आहात म्हणून येतो.”

नाखवा मटकन खाली बसला. त्या आजारी खलाशाकडे बघितलं, कावळ्याकडे बघितलं. मग उठला.

तिसऱ्यांदा कावळा सोडला. तो दोन घिरट्या घालून खाली यायला लागला, तर नाखव्याने वल्हंच उगारलं! “चल, नीघ! पुन्हा तोंड दाखवू नकोस!”

कावळा बावरला. डोलकाठीवर जाऊन बसला, मान वाकडी करून बघत राहिला. याला झालंय तरी काय आज? नाखव्याने वल्हं दाणकन डोलकाठीवर आपटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडात शिव्या. अगं बाई, काय वाटलं असेल त्याला!

मग कावळा उडाला. वर, वर, पार तिळाएवढा झाला. आणि एका बाजूला सरळ निघाला.

“जानूकाका, सुकाणू फिरवा!” नाखवा ओरडला.

संध्याकाळी माड दिसले. गोड्या पाण्याचा ओहोळ दिसला. खलाशी गुडघ्यावर बसून घटाघटा प्यायले. तापलेला खलाशीही पाणी पिऊन उठून बसला.

कावळा एका माडावर होता. नाखव्याने हात पुढे केला, “ये रे, ये.” कावळ्याने बघितलं. पण आला नाही.

“रुसलाय. येईल,” जानू म्हणाला.

“न येऊ दे, काका,” नाखवा म्हणाला. “तेव्हा आला असता, तर आपण इथं आलो नसतो.”

मग आभाळ निवळलं, शीड शिवलं आणि सगळे सुखरूप घरी गेले. कावळ्यानेही त्या माडावर घरटं केलं, पोरंबाळं झाली त्याला. नाखव्याने पुढे दुसरा कावळा पाळला. गलबताला कावळा हवाच ना! पण त्याला भात पानावर ठेवायचा आणि आपण लांब जाऊन बसायचा. फार जड जायचं त्याला. पण खलाशांची पोरंबाळंही घरी वाट बघत असायची ना, तुमच्यासारखी.

चला, मिटा डोळे.